पहिल्या कॅसेटमधली किंकाळी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चष्म्याच्या दुकानात तुला बढती मिळाली हे वाचून बरं वाटलं. आता तरी गिऱ्हाइकांवर ओरडत जाऊ नकोस. आपल्या घरात ओरडण्याचा धंदा माझा आहे.

एक बातमी आहे. आमच्या बँडची पहिली कॅसेट एक कंपनी पुन्हा काढते आहे. तीच ती, अकरा मिनिटांत चौदा गाणी, जी ऐकून तू मिक्सरमध्ये चमचा पडलाय म्हणायचीस. ग्राइंडकोअर म्हणजे आम्हाला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की हात चालतील तितक्या वेगाने वाजवायचं आणि शब्द कुणाला कळू द्यायचे नाहीत. पुढे आम्ही बदलत गेलो. ड्रमवाल्याचे गुडघे कुरकुरायला लागले, गाणी सात-आठ मिनिटांची झाली, मधूनमधून तर चक्क सूरही लागतो. लोक मात्र म्हणतात, खरी आग पहिल्या कॅसेटमध्येच होती, आणि दाखला देतात तो सुरुवातीच्या किंकाळीचा. ती मी कशी काढली, ते कंपनीला पुस्तिकेत छापायचं आहे.

ताई, ती माझी नाही. आईची आहे. त्या दिवशी मागच्या खोलीत मी एकटाच आवाज भरत होतो. माइक एकच, तो स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेला. आईच्या पायावर उकळत्या पाण्याचं पातेलं पडलं, तो तोच दिवस. ती ओरडली, आणि मी आधी रेकॉर्डरवरचा, आवाज किती मोठा ते दाखवणारा काटा बघितला, मग धावलो. काटा लाल रेघेपलीकडे गेला होता आणि मला आनंद झाला होता. हे लिहिताना मान वर होत नाही. नंतर तेवढाच तुकडा कापून मी पहिल्या गाण्याआधी जोडला आणि इतकी वर्षं वाहवा घेत आलो. स्टेजवर तशी किंकाळी काढायला जातो, पण कधी जमलेली नाही.

महिनाअखेर उत्तर द्यायचंय. खरं लिहू, की तो तुकडाच काढून टाकू? आईला माहीत आहे का, हे विचारायचा मला धीर नाही. तू विचारशील?

हवी तेवढी रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
बारक्या


११ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तुला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं. आईच्या पायाची पट्टी मी कित्येक महिने बदलली. तू शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालायचास. तेव्हा वाटायचं, पोराला आईचा किती कळवळा. आता त्या वाऱ्याचीसुद्धा चीड येते.

पण तुला बोलू कुठल्या तोंडाने? जेवताना तुझी टर उडवायला मी तीच किंकाळी काढून दाखवायचे. हसायचे मी एकटीच. तू ताटात बघत राहायचास आणि आई पाणी आणायला उठायची, तांब्या भरलेला असला तरी. ते आठवून काल मला जेवण गेलं नाही.

आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली की त्याला मीच लिहीन आणि ते तू वाचायचं नाहीस. तेव्हा तिच्या मनात काय आहे ते देव जाणे.

ती काय लिहील ते लिहो, तू घरी येणं टाळू नकोस. आपलं नातं होतं तसंच आहे.

तुझी,
ताई


१९ मार्च

चि. बारक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत ठीक आहे. थंडीत पाय जरा ओढतो, बाकी तक्रार नाही. तू फार जागरणं करतोस असं ताई सांगते, ती कमी कर.

तो आवाज माझा, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तू कॅसेट लावलीस तेव्हा शेजारीण बसलेली होती. आपण गुरासारखं ओरडलो आणि ते परक्यांनी ऐकलं, याची मलाच इतकी लाज वाटली की मी विषय काढला नाही. मग एका घरात आपण दोघंही तोंड लपवत राहिलो.

पण तू लिहिलंस तसं झालं नव्हतं. पाणी पडलं तेव्हा मी ओरडले नाही, श्वासच अडकला होता. पातेल्याच्या आवाजाने तू दारात आलास. गळ्यात हेडफोन होते. मी खाली बसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस, पायाकडे पाहिलंस आणि परत आत गेलास. तेव्हा मी ओरडले. नीट ऐक, त्यात तुझं नाव आहे. ती हाक आहे.

तू लहान होतास, घाबरला असशील. तू यंत्र बंद करायला आत गेलास, असं मी दवाखान्यात सांगितलं, तुझ्या वडिलांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. मग तू कॅसेट लावलीस. यंत्र बंद केलं असतंस, तर माझी हाक त्यात आली नसती.

पुस्तिकेत काय छापायचं ते तू ठरव, माझं नाव घातलंस तरी चालेल. मला फक्त इथे येऊन सांग, तू आत कशाला गेला होतास.

आशीर्वाद आहेतच, ते तुझ्या उत्तरावर अवलंबून नाहीत.

आई