उसवलेली कंबर आणि शिलाई मशीन

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (टाके निघालेत, पण वाकायला मनाई आहे, तेव्हा तूर्त कागदावरच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? माझं विचाराल तर मी आहे, आणि या पत्रातली मोठी बातमी हीच.

माझा जन्म गेला दुसऱ्यांची मापं घेण्यात, पण स्वतःच्या कमरेला टेप लावायची मला सवय नाही. कपडा घट्ट झाला की शिलाईत सोडलेली माया उसवायची आणि वजनाला दोष देऊन मोकळं व्हायचं. तिसऱ्यांदा उसवलेली कंबर तुमच्या नजरेला पडली आणि तुम्ही मला हाताला धरून दवाखान्यात नेलंत. (वाटेत मी तुम्हाला आगाऊ म्हटलं, ते परत घेते.) तिथे निघालं काय, तर बीजांडकोशावर गाठ, पोटात पाणी, छातीतही पाणी, वर रक्तातला कसलासा आकडा वाढलेला! कॅन्सरसारखं दिसतंय, पण गाठ काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातला ‘पण’ तुम्ही ऐकलात, मी नाही. घरी येऊन मी निरवानिरव सुरू केली. गिऱ्हाइकांची कापडं परत, कात्र्या जावेला, मशीन तुम्हाला. तुमच्या भावाला चहा करायला शिकवलं. (अजून उतू घालवतात.)

गाठ निघाली चांगली दोन मुठींएवढी, आणि तपासणीत अगदी साधी ठरली! फायब्रोमा म्हणतात तिला. क्वचित अशी साधी गाठही पाणी धरून कॅन्सरचं सोंग आणते म्हणे. गाठ गेली, मागोमाग पाणीही आपोआप ओसरलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती निरखणाऱ्या माणसाला मी पाहिलेलं नाही, तरी रोज मनातल्या मनात हात जोडते. आणि वन्सं, तुम्हालाही. तुम्ही नसता तर मी अजून उसवतच बसले असते.

तुमची भावजय

ता. क. दिलेलं मागू नये हे कळतं, पण मी वाचल्यामुळे जरा पंचाईत झाली आहे. मशीन परत मिळेल का?

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दारात टेम्पो. मशीन तुम्ही न मागताच धाडलंत! झाकण काढलं, तर सुईत माझाच दोरा, सुईखाली माझीच अर्धवट राहिलेली बाही. तुम्ही त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मी परत येणार हे तुम्ही धरूनच चालला होतात, आणि मला रडू आवरेना.

ता. क. डोळे पुसून पाहिलं, तर बाही तुमच्याच झग्याची. (तरीच!) आज लावून टाकते, घालून बघायला या. कमरेत घट्ट झाला असेल तर उसवून मिळणार नाही. आधी दवाखान्यात नेईन.