माझ्यासाठी ठोठावलेली दारं

विश्रांतवाडी, मार्च २००७

चैताली, जयभीम.

महापालिकेची निवडणूक मी जिंकलो, तू हरलीस. तरी विहारात तू आलीस की बायका सरकून शेजारी जागा करतात, आणि मला खुर्ची आणून देतात. जळफळाट होतो माझा.

मतदानाच्या तीन दिवस आधी वॉर्डभर मेसेज गेला होता, 'सुखदेव बायकोला मारतो.' हे तुझ्याच माणसांचं काम, असं समजून लोक तुझ्यावर चिडले. तू मात्र स्वतःची सफाई न देता दारोदार फिरलीस. "मी त्याच्या विरोधात उभी आहे, पण चुलतबहीण आहे त्याची. हे खोटं आहे," म्हणालीस.

तो मेसेज मीच पाठवला होता गं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, एकदम चार हजार मोबाइलवर. सहानुभूती मला हवी होती, शिव्या तुला.

काल आईला विचारलं, "चैतालीवर असं बालंट आलं असतं, तर मी फिरलो असतो का?"

तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "नाही. म्हणून तर मत तिला दिलं."

हे पत्र पाठवत नाही. तू मला माफ करशील, आणि तेवढं मात्र मला सहन होणार नाही.

तुझा नगरसेवक,
सुखदादा