नंबर नसलेली बादली

१४ जानेवारी

किंकाळी! पहाटेचा अंधार, खालच्या मजल्यावरच्या बाथरूममधून. मी अनवाणीच पळाले, माझ्यामागे अर्धा हॉल, म्हणजे मुलींचं अर्धं वसतिगृह. आत कोणी नाही. नळ सोडलेला, फरशीभर साबणाचं पाणी, कोपऱ्यात एक लाल बादली – बूड फुटलेली. वरच्या मजल्यावरच्या दोघींनी एक पुरुष कुंपणाकडे पळताना पाहिला. पाठमोरा. बस, एवढंच.

ओरडली कोण? कोणी पुढे येईना!

खोलीत परतले तर माझी मैत्रीण फुसेइना आमच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन पडलेली. एवढा गोंधळ आणि ही झोपा काढतेय! म्हणे, ‘ताप आहे.’ हारमाटनचा कोरडा, धुळीचा वारा सुटला की सगळ्यांनाच ताप. कालच मी सुट्टी संपवून घरून, केटाहून आले. आल्या आल्या हे स्वागत.

१५ जानेवारी

विद्यार्थी संघाची बैठक. मी महिला प्रतिनिधी – निवडून आलेली, कोणी उपकार केले म्हणून बसवलेली नाही. पहिला विषय: संघ-सप्ताहाचे टी-शर्ट. दुसरा: सौंदर्यस्पर्धेचा मुकुट कुठून आणायचा. मी हात वर करून बसलेय, आणि आमचे अध्यक्ष ओफोसू म्हणतात, ‘असेये मॅडम, तुमचं ‘इतर विषयां’त घेऊ.’

एका मुलीची किंकाळी – इतर विषय! खजिनदार म्हणतो, ‘झुरळ दिसलं असेल तिला.’ हसले सगळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतून ती फुटकी बादली काढली आणि त्यांच्या टी-शर्टांच्या नमुन्यांवर आपटली.

‘चाले, दोस्ता, हे काय आणलंस?’ ओफोसू.

‘पुरावा!’

मग सगळे बघायला लागले. आमच्या हॉलमध्ये प्रत्येक बादलीवर खोलीचा नंबर रंगवलेला असतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती गेलीच. हिच्यावर नंबर नाही. चिटणीस म्हणाली, ‘म्हणजे ही हॉलमधल्या मुलीची नाहीच.’ बरोबर! मी तिथल्या तिथे सांगितलं – तो माणूसच घेऊन आला असणार, झाडलोट करणारा वाटावा म्हणून. बाहेरचा माणूस, बाहेरची बादली. पहिल्यांदाच ह्या लोकांनी माझं ऐकून माना डोलावल्या.

१६ जानेवारी

फुसेइना अजून नरमच. हाताला फडकं गुंडाळलंय, म्हणते दारात अडकला. माझी बादली मागून घेते आणि रात्री कपडे वाळत घालतो त्या गच्चीत अंग धुते. सगळ्या गच्चीत पाणी! मी बोलले तर, ‘आंघोळीची जागा बदलली की नशीब बदलतं,’ म्हणाली. हिच्या गावच्या, टमालेच्या गप्पा.

१८ जानेवारी

निवेदन लिहिलं. मागण्या: रात्रपाळीला बाई पहारेकरी. हॉलमागे दिवे. हॉलचं कार्ड नसलेली कोणतीही व्यक्ती आत येता कामा नये. बाथरूमच्या दारांना आतून कड्या.

फुसेइना पलंगाच्या कडेला बसून वाचत होती. म्हणाली, ‘कडी वर घे ना. सगळ्यात वर.’

‘अगं, कडीसाठी कोण आंदोलन करतं? डीनबाई हसतील मला.’

‘हसू देत की. तू कडी माग.’

नाही घेतली वर. कडी ती काय, सुतार अर्ध्या दिवसात बसवेल.

२० जानेवारी

सह्या! हॉलमधली एक खोली सोडली नाही. खरं श्रेय फुसेइनाचं. गोड बोलून सही घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. खोलीवाल्यांनी केल्या आणि पर्चर मुलींनीही केल्या. आता पर्चर कोण नाही इथे? सोडतीत पलंग निघाला नाही की मैत्रिणीच्या पलंगाच्या कडेला राहायचं. फुसेइना दोन वर्षं माझ्या पलंगावर आहे. कागदावर ती ह्या हॉलमध्ये नाहीच. तिने सही केली ती माझ्या नावाखाली, केवढं सुबक अक्षर!

संध्याकाळी ती माझे केस विणत होती आणि मी त्या मुलीवर तोंडसुख घेत होते. अजून पुढे येत नाही म्हणजे काय? आम्ही इथे घसा फोडतोय आणि ही बया लपून बसलीय! ती गप्प राहिली की फावतं कोणाचं? त्याचंच ना?

फुसेइनाचे हात थांबले. ‘तिला येता येत नसेल.’

‘का? पाय मोडलेत?’

तिने वेणी अशी ओढली की डोळ्यांत पाणी आलं. ‘हलू नकोस,’ म्हणाली. मी हलले नव्हते.

२३ जानेवारी

डीनबाईंची भेट. थंडगार मॉल्टची, त्या गोड बिनदारूच्या पेयाची, बाटली पुढे केली. इथे कोणाला काही द्यायचं नसलं की मॉल्ट देतात. दिवे? ‘पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बघू.’ पहारेकरी? ‘विचाराधीन.’ कड्या? ‘ते बांधकाम विभागाकडे जाईल, मुली.’ मी बादली टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, बादली फिरवून फिरवून पाहिली.

‘नंबर नाही हिच्यावर.’

‘नाही, मॅडम.’

‘म्हणजे बाहेरची.’

‘हो, मॅडम! तेच तर म्हणतेय मी!’

‘मग बाहेरच्यांचा बंदोबस्त लगेच करते.’

चार मागण्यांतली एक तरी पदरात पडली! हात मिळवला मी त्यांच्याशी. ओफोसूने फोटो काढला – मी, डीनबाई आणि मध्ये बादली.

२६ जानेवारी

जो तो अभिनंदन करतोय. केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, विकणाऱ्या बाईने एक तळलेला मासा जास्तीचा घातला. बादली संघाच्या ऑफिसात कपाटावर मांडून ठेवलीय, चषकासारखी.

३१ जानेवारी

लिहवत नाही. पण लिहिणार.

संध्याकाळी जेवणाच्या वेळेला सुरक्षा विभागाचे लोक आले. हॉलच्या दारावर बसणाऱ्या पोर्टर डेडे ऑन्टीला पुढे घालून खोली-खोलीत. ‘कार्ड दाखवा.’ ज्यांच्याकडे नाही त्यांनी सामान उचलायचं. थोड्या वेळात सगळा जिना गुंडाळलेल्या गाद्यांनी भरला. पर्चर मुली! बाहेरचे म्हणून ह्यांना काढताहेत! डेडे ऑन्टी माझ्याकडे बघेना. इतकी वर्षं तिने ह्या मुलींना पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. एवढंच म्हणाली, ‘असेये, ह्यासुद्धा हव्या होत्या तुला बाहेर?’

मी अधिकाऱ्याच्या अंगावर धावले. ‘ह्या विद्यार्थिनी आहेत! इथल्याच आहेत!’

त्याने माझंच निवेदन खिशातून काढून वाचलं. ‘हॉलचं कार्ड नसलेली कोणतीही व्यक्ती. मॅडम, कोणतीही. शब्द तुमचेच ना?’

माझेच. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक दांडगा पुरुष होता. फुसेइना नव्हती. माझ्या कुशीला झोपणारी मुलगी मला बाहेरची वाटलीच नव्हती. सही करणाऱ्या एकीलाही वाटली नव्हती. त्या बिचाऱ्यांनी स्वतःही सह्या केल्या!

फुसेइना शांतपणे पिशवी भरत होती. अधिकारी दारात येऊन विचारतोय, ‘ही कोणाची पर्चर?’ पर्चर ठेवणारीचा पलंगही जातो, नियम आहे तसा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘कोणाची नाही. वही मागायला आले होते.’

आणि मी मूग गिळून उभी राहिले. महिला प्रतिनिधी!

२ फेब्रुवारी

डीनबाईंकडे पुन्हा. ह्या वेळी मॉल्टसुद्धा नाही. ‘तुम्ही मागितलंत, मी दिलं. त्यांच्याही सह्या आहेत त्यावर.’ मी म्हटलं, मुली रात्री जाणार कुठे? ‘प्रत्येकीला घर असतं.’ टमाले इथून एक अख्खा दिवस बसने! रोज जाऊन-येऊन करेल का ती?

ओफोसूला गाठलं. ‘चाले, तू जिंकलीस ना? आता कशाला उकरतेस? मुकुटाचं बघ.’ मी सांगितलं तो मुकुट कुठे घाल ते. चिटणीसने ते इतिवृत्तात घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

फुसेइना सापडली. फाटकाबाहेर पत्र्याच्या खोक्यातलं केस विणण्याचं दुकान आहे, तिथे ती दिवसभर केस विणते आणि रात्री तिथेच झोपते. मालकीण जाताना बाहेरून कुलूप लावते! आत पंखा नाही, खिडकी नाही. आग लागली तर? ‘मग सकाळी भाजलेली मिळेन, शितोच्या तिखट चटणीबरोबर खा,’ म्हणून हसली. मला हसू आलं नाही.

मी माफी मागायला गेले होते, तर तिनेच मला शेंगदाण्याच्या कुरकुरीत कुलीकुलीचा पुडा दिला. तिच्या आईने पाठवलेला. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मांडीवर घेऊन लिहिते. दुकानात ती येते-जाते त्या वाटेवर एकही दिवा नाही. हॉलमागे दिवे मागितले तिथे नाहीत, आणि जिच्यासारख्या मुलींसाठी मागितले तिलाच ह्या अंधाऱ्या वाटेवर सोडलं. वा रे मी!

‘परत चल. लपवून ठेवते.’

‘तुझा पलंग जाईल. मग दोघी इथे? इथे उभं राहायला जागा नाही.’ मग हळूच, ‘कड्या बसल्या का गं?’

नाही बसल्या.

९ फेब्रुवारी

पलंग भलताच रुंद झालाय. झोप येत नाही.

आधी पहाटे खालून बादल्यांचे आवाज यायचे. पर्चर मुली सगळ्यांच्या आधी, अंधारातच आंघोळ उरकायच्या, खोलीवाल्यांच्या रांगेत अडचण नको म्हणून. कोणी सांगितलेलं नसतं, पण पाळतात. आता सगळं चिडीचूप. हॉल म्हणे सुरक्षित झालाय.

१३ फेब्रुवारी

तो पुन्हा आला! तेच बाथरूम. ह्या वेळी पहिल्या मजल्यावरची मुलगी, कार्डवाली. सुटली, देवाची कृपा. तिने सरळ डेडे ऑन्टीला गाठून खोलीचा नंबर, नाव, सगळं सांगितलं. एका तासात डीनबाई स्वतः हॉलवर! दुपारी सुतार. संध्याकाळपर्यंत प्रत्येक दाराला कडी, पितळी, चकचकीत.

एका दिवसात! बांधकाम विभाग कुठे गेला? अंदाजपत्रक कुठे गेलं? मी सुतारासमोर उभी राहून रडले, रागाने. तो बिचारा म्हणतो, ‘ताई, घट्ट बसलीय, बघा ओढून.’

१५ फेब्रुवारी

धरला त्याला. आमच्याच हॉलच्या पाण्याच्या पंपावरचा माणूस. गळ्यात कार्ड, खिशात मागच्या दाराची किल्ली. बाहेरचा कसला! आम्ही मुलींना जिन्यावरून खाली उतरवत होतो तेव्हा हा टाकी भरत होता. कोणी कार्ड विचारलं असतं तर रुबाबात दाखवलं असतं त्याने.

जानेवारीतलंही कबूल केलं. ती कोण होती, त्याला माहीत नाही. अंधार होता, तिच्या ओल्या तोंडावर साबण. तिने बादली फेकून मारली, म्हणाला. खांद्यावरचा व्रण दाखवला. बादली त्याची नाही.

मग बादली कोणाची? सगळ्या बैठकीत मी विचारत होते. प्रत्येक खोलीच्या बादल्या जागेवर आहेत.

१६ फेब्रुवारी

फुसेइना आली ऑफिसात. मी निवेदन लिहीत होते – पर्चर मुलींना परत घ्या. ती खुर्चीवर चढली, कपाटावरची बादली खाली काढली, बुडाच्या चिरेवरून बोट फिरवलं.

‘सुट्टीत नवीन घेतली होती गं. पाणी नाही राहणार आता, पण पुस्तकं राहतील. नेऊ?’

आणि मी काय विचारलं, तर – नंबर का नव्हता घातला?

‘कुठला घालू?’ म्हणाली.