चार बोटं पाणी

१० एप्रिल, गुरुवार
तलाव किती दिवस पुरेल? चंचलच्या नववीच्या पुस्तकात सरळ रेषेचं समीकरण आहे. मला तेच लावून बघायची हुक्की आली. लेकीची फूटपट्टी घेऊन तलावात रोवलेल्या मधल्या बांबूजवळ गेले — पाणी ३६ इंच. सासरे, म्हणजे बापूजी, म्हणतात पाणी चार-चारनं उतरतंय. म्हणून पाणी = ३६ − ४ × दिवस. गुडघ्यावर, म्हणजे १८ इंचांवर आलं की उन्हानं मासे मरतात. म्हणजे साडेचारच दिवस! मच्छी सोसायटीत सांगून आले. माणसं जाळी काढायला लागली.

११ एप्रिल
बापूजी भडकले. "चार दिवसात? डोस्कं फिरलं का तुह्यं, रीता? रोहू अजून पावभराचा नाई झाला."
मग विचारलं — चार काय? आणि कितीत?
"चार बोटं. बाजारापासून बाजारापावतर."
हात्तिच्या! मी बोटांचे इंच केले आणि आठवड्याचा दिवस. आकड्यामागं एकक नाही लिहिलं म्हणून चंचलचे मार्क जातात. माझ्यापायी अख्ख्या गावाचे मासे अर्ध्या वजनात बाहेर आले असते. जाळी परत खुंटीला. लाज वाटली. पण खरं सांगू, मजाही वाटली.
चार बोटं म्हणजे तीन इंच, दर आठवड्याला. सहा आठवडे मिळाले.

१७ एप्रिल, गुरुवार
आज बाजार. बापूजींनी ओट्यावरून गावाला सांगितलं — चार बोटं. बांबूवर ३३ हवं होतं, आहे साडेतेहतीस. पट्टी त्यांच्या बोटांवर ठेवली. बरोबर तीन इंच! ते हसले, "माह्या बोटाइवर भरोसा नाई का तुले?"
मग अर्धा इंच गेला कुठे? भात करपला तरी डोक्यातून जाईना.

१८ एप्रिल
बापूजी बोटं नेमकी कशी लावतात ते बघायला हवं. पुढच्या बाजारी सकाळीच तलावावर जाईन.

२४ एप्रिल, गुरुवार
तलावाच्या पायरीवर आई, म्हणजे सासूबाई. गेल्या बाजारच्या चुन्याच्या खुणेखाली हात आडवा लावून. मी त्यांच्या बोटांना पट्टी लावली — चार बोटं, अडीच इंच.
"त्याइले दोन सालापासून खूण दिसत नाई," त्या म्हणाल्या. "मी घरी सांगतो, ते गावाले सांगते. तू बोलू नको."
म्हणजे सात आठवडे. वहीत एकक दुरुस्त केलं: आईंची बोटं. बाहेर कुणाला सांगणार नाही.