निळं न झालेलं पाणी

मिठबाव,
१४ सप्टेंबर २००९

प्रिय सुभाताईस,
दत्तूचा नमस्कार.

घरी सगळी बरी आहेत. नारळी पौर्णिमेनंतर बाबांची होडी पाण्यात गेली, सध्या बांगडा बरा मिळतोय. आईचा गुडघा तसाच. मी पुण्याहून आलो त्याला आठ दिवस झाले. आईला वाटतं, रजा आहे. मी नोकरी सोडून आलोय. कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून पडवीत बसून लिहितोय आणि कोणी आलं की कागदावर वर्तमानपत्र ओढतोय.

गेल्या आठवड्यात तुला दोनदा फोन आला आणि कोणी बोललं नाही ना? तो मीच होतो.

चवथीला तू आलीस तेव्हाचं सांगतो. तू नारळ खवत होतीस, मी समोर मोदक खात होतो. तू मान वर न करता म्हणालीस, "माझ्याच हातात कायतरी खोट आसा रे, दत्तू. दीड वर्ष झाला. तू धाडलेले जिवाणू वाढतत बरे, पण तांब्याचा पाणी घातला तरी निळे होनत नाय."

आई म्हणाली, "सोड गो ता. कॉलेजात शिकवतस ता काय कमी आसा?"

आणि मी, तुझा शास्त्रज्ञ भाऊ, म्हणालो, "पाणी बदलून बघ."

तू म्हणालीस, तेही केलं. बाबलीच्या टेम्पोतून कोल्हापूरहून शुद्ध पाण्याचे कॅन आणवले. मी मान हलवली आणि आणखी एक मोदक घेतला.

ताई, तुझ्या हातात काही खोट नाही. मी पाठवलेली नळी खोटी होती.

तांबं ओळखून जिवाणूंना निळं करणारं ते डीएनएचं कडं आम्ही तयार केलं, पण त्यातले निम्मे तुकडे आमचे नव्हतेच. जगभरातल्या प्रयोगशाळा जिथे आपले तुकडे ठेवतात, त्या सामायिक संग्रहातून ते आले होते. पैसे नाहीत, करार नाही. तुम्ही त्यात भर घातलीत तर ती सगळ्यांसाठी परत ठेवा, एवढंच मागणं. आमच्या शोधनिबंधाखालीही छापलं होतं, 'मागेल त्याला विनामूल्य पाठवू.' ती ओळ वाचूनच तू पत्र लिहिलंस. होड्यांच्या रंगातलं तांबं खाडीत उतरतं का, तिथले तिसरे-शिंपले खायला बरे आहेत का, हे तुझ्या मुलांना तपासायचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तुझं पत्र वाचून बाजूला सरकवलं. एका रंगाच्या कंपनीशी या कड्याच्या हक्कांबद्दल त्यांची बोलणी सुरू होती. मी म्हणालो, "सर, आपण छापलंय."

"छापायचं असतं," सर म्हणाले. "नाही म्हटलंस तर बोभाटा होतो. रिकामं कडं पाठव. खेड्यातलं कॉलेज आहे, त्यांना वाटेल आपलंच चुकलं."

मी सांगितलं नाही की ती माझी चुलतबहीण आहे. काकांच्या ज्या मुलीने मला कंदिलाशी बसवून विज्ञान शिकवलं, ती. मी रिकामं, म्हणजे तांबं ओळखणारे तुकडेच नसलेलं, कडं घातलेले जिवाणू नळीत भरले आणि नळीवर खऱ्याचं नाव माझ्या अक्षरात लिहिलं. ते तुझ्याकडे वाढणार होते. निळे कधीच होणार नव्हते. तू आभाराचं पत्र पाठवलंस. सरांनी ते फळ्यावर लावायला सांगितलं आणि मी लावलं.

जूनमध्ये तू याच प्रयोगावरची पीएचडीची नोंदणी काढून घेतलीस हे मला आईकडून कळलं. तुझ्या विद्यार्थिनीच्या, रियाच्या प्रकल्पावर 'अयशस्वी' असा शेरा पडला, तेही. विमलाकाकी कालच मला खाडीवर भेटली. टोपलीत तिसरे. "सुभद्रान अजून सांगूक नाय रे, हे खावचे की नाय ते."

ऑगस्टच्या शेवटी सरांचं भाषण होतं. विषय, 'विज्ञान सगळ्यांचं'. सर म्हणाले, आमच्याकडून कोणीही कधी रिकाम्या हाताने गेलं नाही. सभागृहात टाळ्या. माझेही दोन्ही हात वर आलेले मी पाहिले. स्वतःचीच एवढी शिसारी कधी आली नव्हती. भाषण संपायच्या आत बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी खरं कडं मी संग्रहाकडे रवाना केलं, सोबत त्याची सगळी माहिती. मग सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तुझी सहीसुद्धा आहे त्या नळीच्या कागदावर." खरं आहे. म्हणून राजीनाम्यात मी झालेलं सगळं मांडून त्यांच्याबरोबर माझंही नाव लिहिलं आणि एक प्रत शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पाठवली. आता मला कोणी प्रयोगशाळेत घेईल असं वाटत नाही. ते बरंच आहे.

तू संग्रहाकडे माग. तिथून येईल ते खरं असेल. माझ्या हातून आलेलं काही तू वापरावंस असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी सकाळच्या एसटीने तळेऱ्याला येतो. तुझ्या प्राचार्यांसमोर आणि रियासमोर सगळं बोलायचं आहे. घरात घेतलं नाहीस तरी कॉलेजात येऊ दे. तुझी माफी मागणार नाही. ती मागितली तर ती देण्याचं ओझंही तुझ्यावरच पडेल.

तुझ्या दीड वर्षाचा चोर,
दत्तप्रसाद