शुक्रवारच्या सहीआधी

मंगळवार, १२ मार्च

ती. बाबांना ठमीचा नमस्कार.

मी बरी आहे. तुमचे जावईही बरे आहेत, त्यांचा खोकला गेला एकदाचा. पत्र घरी न पाठवता कारखान्याच्या गेटवर पाठवलं म्हणून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. घरी फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि पलीकडच्या खोलीतल्या आईला तुमच्याआधी ऐकू जातं. बाटल्यांच्या त्या खडखडाटात तुमचे कान गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार. म्हणून हे पत्र तिथेच वाचा, डबा खायच्या वेळी, एकटे बसून.

तुम्ही सांगितलं होतं, "ठमे, आमच्या दोघांसाठी विमा बघून ठेव, बाकी सगळं मी जुळवलंय." खरंच जुळवलंय तुम्ही. घराचे हप्ते संपले, फंडाचं व्याज घरखर्चाला पुरेल, गळकं छप्परसुद्धा नीट करून घेतलंत. छपन्नाव्या वर्षी काचेच्या भट्टीपासून सुटणारा तुमच्या पाळीतला पहिला माणूस. फक्त दवाखान्याचं तेवढं माझ्यावर ढकललंत. इतकी वर्षं ते कंपनीने सांभाळलं, त्यामुळे त्याला काय पडतं हे आपल्याला कधी कळलंच नाही.

तर मी एक एजंट गाठला. माणूस बोलघेवडा, पण फसवणारा नाही वाटला. तुमच्या वयाच्या जोडप्याला वर्षाचा हप्ता तुम्ही धरलाय त्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, आणि वय वाढेल तसा चढत जातो. तेवढ्याने काही अडलं नसतं. थोडा भार आम्ही उचलू, तुम्ही नको म्हणालात तरी. पण कंपनीचा विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. नव्या विम्यात आधीपासूनचा आजार असेल तर तो सांगावा लागतो, आणि त्याच्या उपचाराचे पैसे पहिली तीन वर्षं मिळत नाहीत. दडवला आणि नंतर उघडकीला आला, तर सगळंच हातचं जातं.

म्हणून म्हणते, राजीनामा मागे घ्या. शुक्रवारी साहेब त्यावर सही करणार, असं तुम्हीच म्हणालात. पत्र गुरुवारी गेटवर पोचेल. शुक्रवारी सकाळी पाळी सुटली की घरी न जाता साहेबांची वाट बघा आणि सांगा, अजून एक वर्ष काढतो.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "आम्हाला दोघांना कुठे काय झालंय?" हेच पान मी लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. हप्त्याचं कारण पुढे करून बघितलं, महागाईचं बघितलं. तुम्ही हिशेबाला पक्के, तुम्हाला एकही पटलं नसतं. आईला मी शब्द दिलाय, तो आता मोडते.

आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झालीय. जिना चढताना ती मधल्या वळणावर शेजारच्या मावशींशी बोलत उभी राहते ना, ते गप्पांसाठी नाही. तिला दम लागतो. जानेवारीत माझ्याकडे चार दिवस आरामाला म्हणून आली, तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन या उन्हाळ्यातच करून टाका, ताणू नका. खर्चही त्यांनी सांगितला. तुमचा अर्ध्याहून जास्त फंड त्यात जाईल. कंपनीच्या विम्यातून हा खर्च मिळतो, पण त्यासाठी अर्जावर तुमची सही लागते. म्हणजे तुम्हाला कळणार, आणि तेच तिला नको होतं. "त्यांना सुटू दे आधी. मग नवा विमा घेऊ, त्यातून करू," म्हणाली. विमा म्हणजे विमा, कुठलाही चालेल, अशी तिची समजूत. माझीही तीच होती.

परवा एजंटाकडून खरं कळलं आणि मी तिला फोन लावला. तर म्हणते, "मग तीन वर्षं थांबू. मला काय धाड भरलीय." बाबा, मला तिचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला.

तिचंही मला कळतं. आपल्या घराची रीतच ती. तुम्ही रात्रपाळी करून दिवसा झोपायचात, आणि वाईट बातमी तुम्ही उठेपर्यंत दाराबाहेर थांबायची. माझा हात मोडला तेव्हाही तिने एकटीने प्लास्टर घालून आणलं, संध्याकाळी तुमच्या हातात चहा दिला आणि मग सांगितलं. तुमची झोप मोडायची नाही, एवढं तिने जन्मभर पाळलं. आताही ती तेच करतेय. फक्त या वेळी तुम्ही उठेपर्यंत ती असेल का, याची मला खात्री नाही. मला भीती वाटते, बाबा.

मी काय मागतेय ते मला ठाऊक आहे. पुन्हा ती भट्टी, पुन्हा त्या रात्री, आणि निरोपाची भाषणं तयार करून बसलेल्या दोस्तांसमोर माघार. लग्न झाल्यापासून बायकोशेजारी सलग महिनाभर रात्रीचा झोपलो नाही, आता झोपणार, असं तुम्ही हसत म्हणाला होतात. ते आठवलं की हे पत्र पाकिटात घालवत नाही. पण त्यासाठी ती शेजारी असायला हवी.

साहेब नाहीच म्हणाले, तर निदान शेवटचा दिवस ऑपरेशननंतरचा मागून घ्या. मी शनिवारी सगळी कागदपत्रं घेऊन येते. तोवर आईला काही विचारू नका. तुमच्या चेहऱ्यावरून तिला कळेलच, तेव्हा सरळ माझं नाव सांगा. ती माझ्याशी बोलायची नाही. न बोलू दे. तिने कितीही वर्षं अबोला धरला तरी चालेल मला, धरायला ती असली म्हणजे झालं.

तुमचीच, आणि सध्या आईची कुणी नसलेली,
ठमी