वाढत्या अंगाची करवत

२ मार्च, रविवार
मुंगीने आज मला विचारलं. मला! आईला नाही.

मुंगी म्हणजे आमची कन्या, वय वर्षं नऊ. घरातली सुतळी, बुचं, खिळे, जे दिसेल ते उचलून स्वतःच्या कोपऱ्यात नेते म्हणून हे नाव. तिला आईसाठी लाकडी स्टूल करायचंय. बायको बुटकी आहे (हे फक्त इथेच लिहितोय) आणि वरच्या फळीवरचे डबे काढायला पालथ्या बादलीवर चढते. परवा बादली सटकली. ओट्याला धरलं म्हणून वाचली. तीस तारखेला तिचा वाढदिवस आहे, तोवर अळीमिळी गुपचिळी. मुंगी म्हणाली, बाबा, आपण दोघंच करायचं हं.

खरं सांगायचं तर हल्ली ही मुलगी माझ्याशी फारशी बोलत नाही. काही विचारलं की नुसतं 'हं' म्हणते. माझंही चुकतं, म्हणजे ऑफिसचं चुकतं. घरी येईपर्यंत माझ्यात बूट काढायचं त्राण उरत नाही. पण आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत. ठरलं म्हणजे ठरलं.

आधी हत्यारं. त्यात घाई करायची नाही. घाईचं काय होतं ते मला विचारा. विमा कंपनीत लोकांचे अपघातांचे दावे तपासण्यात हयात गेलीय माझी.

४ मार्च, मंगळवार
फायलीखाली मोबाइल ठेवून करवतींचा अभ्यास केला. ढकलताना कापणारी आणि ओढताना कापणारी, असे दोन पंथ आहेत. एकमेकांची तोंडं बघत नाहीत. संध्याकाळी मुंगी फळी घेऊन दारातच उभी. तिला सांगितलं, पाया पक्का हवा. उद्या.

८ मार्च, शनिवार
मुंगीला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदाराला मी पूर्ण प्रश्न विचारण्याआधीच त्याने एक छोटी करवत काढून दिली. बारीक दाते, इवलीशी मूठ. मुंगीने तिथेच एक तुकडा कापूनही दाखवला. पण ते खेळणं झालं! आपण पोरांचे बूट घेताना वाढत्या पायाचे घेतो की नाही? पुढे कापूस कोंबायचा आणि दोन वर्षं निर्धास्त. मग करवत काय म्हणून बेताची घ्यायची? मोठी घेतली. रंधाही मोठा, पटाशी मोठी, हातोडी तर अशी की एकदा घेतली की मुंगीच्या लग्नानंतरही चालेल. दुकानदार काहीतरी म्हणत होता. या लोकांना माल खपवायचा असतो.

येताना मुंगी गप्प होती. भारावली असणार.

९ मार्च, रविवार, दुपारी
बायको बाजारातून यायच्या आत शुभारंभ. करवत दोन्ही हातांनी उचलूनही मुंगीच्या हातात तिचं टोक खाली झुकतं. सवय होईल. मी प्रात्यक्षिक दाखवायला घेतलं. करवत फळीत बोटभर गेली आणि रुतून बसली. फळी ओली होती, दुसरं काही नाही. जोर लावून ओढली तर फळी, करवत आणि मी, तिघंही कुंड्यांवर. नेमकी तेव्हाच बायको आत आली आणि तिने विचारलं, काय फुटलं? मुंगीने ओरडून सांगितलं, काही नाही, बाबा व्यायाम करतोय. शाबास! गुपित राखणारी पोर आहे.

कंबर धरली आहे. आजचा पाठ इथेच थांबवला.

१२ मार्च, बुधवार
दोष फळीचा नव्हता, पकडीचा होता. लाकूड घट्ट धरायला शिकंजा हवा. आणला. जेवणाच्या टेबलाला लावला आणि पिळत गेलो. टेबलाची कड कडाड्कन फुटली. अगदी स्वस्तातलं लाकूड. वर टेबलक्लॉथ घातला. बायको म्हणाली, अरे वा, आज कोण येणार आहे?

मुंगीने विचारलं, बाबा, सुरुवात कधी करायची? म्हटलं, अगं, ही सुरुवातच चाललीय.

१५ मार्च, शनिवार
बोथट हत्यार जास्त धोक्याचं, असं वाचलं. मुंगीच्या हाती बोथट पटाशी जाऊ देणारा बाप मी नव्हे. तास दीड तास धार लावली. धार उत्तम लागली. अंगठ्याला टाके पडले.

डॉक्टरांनी विचारलं, हे हत्यार कुणासाठी? म्हटलं, लहान मुलीसाठी. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. घरी बायकोला सांगितलं, ऑफिसात स्टेपलर लागला. बँडेज बघून म्हणाली, बराच मोठा दिसतोय स्टेपलर.

मुंगीला सांगितलं, अंगठा भरेपर्यंत थांब. तिने कॅलेंडरकडे पाहिलं. म्हणाली, हं.

१९ मार्च, बुधवार
आज मुंगीने काहीच विचारलं नाही. कालही नाही. मुलांमध्ये संयम असा हळूहळू येतो. श्रेय घेत नाही, पण आलाय खरा.

बायकोच्या केसांत पिवळा भुसा दिसला. विचारलं तर म्हणाली, कोंडा झालाय. कोंड्याचा शाम्पू आणून दिला. घरात काय चाललंय याकडे माझं बारीक लक्ष असतं, म्हणून कळलं तरी.

२३ मार्च, रविवार
हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा राहिलाच होता. सेफ्टी फर्स्ट. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला चांगलं दुकान आहे असं कळलं. मुंगीला म्हटलं, चल. म्हणाली, अभ्यास आहे. रविवारी, आणि स्वतःहून! थक्क झालो. दिवसभर पायपीट करून वाढत्या हाताचे मोजे आणले.

परतलो तर घरभर पॉलिशचा वास. बायको म्हणाली, शेजाऱ्यांकडे काम चाललंय. लोकांना रविवारी तरी स्वस्थ बसवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
मार्च एंड. साहेबांनी रजा नाकारली. उद्या शनिवार, तोही ऑफिसात. अंगात काही उरलेलं नाही. मुंगीला सांगितलं, बेटा, परवा पहाटे उठून सगळं एका दमात करून टाकू. तिने माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाली, बाबा, तू टेन्शन घेऊ नकोस. किती समजूतदार पोर! डोळे भरून आले.

३० मार्च, रविवार, सकाळी
पहाटेचा गजर लावला होता. वाजला असावा. जाग आली ती स्वयंपाकघरातल्या टाळ्यांनी.

ओट्यापाशी स्टूल. खरंखुरं. चार पाय, गुळगुळीत बैठक, वर पॉलिश. बायकोने गालावर हात ठेवून म्हटलं, अगंबाई, हे कधी केलंस? मुंगीने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, बाबाने आणि मी केलं.

मी म्हणालो, छे छे, मी आपलं थोडंफार मार्गदर्शन केलं.

बायको स्टूलवर चढली, वरचा डबा काढून खाली उतरली. स्टूल जरासुद्धा डुगडुगलं नाही. मला म्हणाली, तुमचा शाम्पूही फार उपयोगी पडला हो.

मग दिसलं. दाराआडच्या खिळ्याला ती छोटी करवत लटकत होती. बारीक दाते, इवलीशी मूठ. दात्यांत पिवळा भुसा.

बाईने स्वतःच्या वाढदिवसाचं स्टूल स्वतः धरून कापून घेतलं. आणि वर माझ्यासमोर आश्चर्याचं नाटकही केलं.

३० मार्च, संध्याकाळी
माझी हत्यारं आवरायला घेतली. मुंगी मदतीला आली. करवत तिच्या शेजारी उभी धरून पाहिली. कमरेच्याही वर येते. म्हणाली, बाबा, टाकू नकोस हं, वाढत्या अंगाची आहे. जपून ठेव.

वाईट वाटलं. खूपच वाटलं. पण हार मानणारा मी नव्हे. म्हटलं, मोठी झालीस की आपण कपाट करू. चांगलं मोठं. तोवर मी कपाटाचा नीट अभ्यास करतो. आपण दोघंच करायचं. नक्की ना?

आईने आतून हाक मारली. जाता जाता मुंगी म्हणाली, हं.